समुद्रतळ म्हणजे बुडालेली जमीन नव्हे

प्रश्न असा आहे: "समुद्र पूर्ण आटवला तर खाली आपल्या जमिनीसारखीच जमीन दिसेल ना? मग पाणी नेमकं तिथेच का साठलं? पृथ्वीच्या पोटात लाव्हा आहे म्हणतात, तर एवढं पाणी खाली झिरपून उकळत का नाही? आणि तिथवर कोणी गेलेलं नसताना हे थर, त्यांची जाडी वगैरे कळलं कसं?"

समुद्रतळाची खोली आणि त्याखालचे थर मोजणं हेच माझं आयुष्यभराचं काम. वर्षानुवर्षं संशोधन जहाजांवर ते करत असताना नव्यानं येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनात हेच चित्र दिसलं: जमीन म्हणजे उंचवटा, समुद्र म्हणजे खड्डा, आणि खड्ड्यात पाणी भरलेलं. हे चित्र आधी बाजूला ठेवावं लागेल. जमिनीचा खडक वेगळा, समुद्रतळाचा वेगळा. जाडी वेगळी, वजन वेगळं, वय तर फारच वेगळं. पाणी आटवलंत तर खाली दिसेल ते दुसऱ्याच जातीचं कवच.

याचा सर्वांत सोपा पुरावा नुसत्या आकड्यांत आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सारख्या क्षेत्रफळाचे लाखो चौकोन पाडा, प्रत्येकाची समुद्रसपाटीपासूनची उंची किंवा खोली लिहा आणि कुठली पातळी किती वेळा येते ते मोजा. सगळा पृष्ठभाग एकाच खडकाचा असता आणि त्याला इकडेतिकडे चढउतार आले असते, तर आलेखात मधोमध एकच उंचवटा उमटला असता. प्रत्यक्षात दोन उमटतात. एक समुद्रसपाटीच्या जरासा वर, दुसरा चार-पाच किलोमीटर खोलीवर. या दोहोंच्या मधल्या पातळीचा प्रदेश त्या मानानं थोडाच आहे. घराला दोन मजले असावेत आणि मध्ये फक्त जिना, तसं. जमिनीची सरासरी उंची सुमारे ८४० मीटर आहे आणि महासागरांची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर. आल्फ्रेड वेगेनरनं खंडवहनाचा सिद्धांत मांडताना याच दोन पातळ्यांवर बोट ठेवलं होतं.

दोन मजले का? खंडांचं कवच मुख्यतः ग्रॅनाइटच्या जातकुळीचं, सरासरी ३५ ते ४० किलोमीटर जाड, आणि त्याची घनता साधारण २.८५ (पाण्याची १ धरून). हिमालय-तिबेटखाली तेच कवच ७० किलोमीटरच्या घरात जातं. महासागराचं कवच बेसाल्टचं, जेमतेम ७ किलोमीटर जाड, घनता २.९५ च्या आसपास. दोन्ही कवचं ३.३ घनतेच्या प्रावरणावर, म्हणजे कवचाखालच्या खडकाच्या जाड थरावर, तरंगतात. पाण्यात जाड ओंडका आणि पातळ फळी शेजारी सोडा. ओंडका वरही जास्त येतो आणि खालीही जास्त जातो. फळी पाण्याच्या पातळीला लागून राहते.

यात ठोकताळा किती आणि गणित किती, ते तुम्हीच करून बघा. कागदावर दोन उभे स्तंभ काढा, दोन्हींचं वजन तळाशी सारखं असायला हवं. पहिला खंडाचा: ३६ किलोमीटर जाड, घनता २.८५, त्यातला ०.८ किलोमीटर भाग समुद्रसपाटीच्या वर. ३६ गुणिले २.८५ म्हणजे १०२.६. दुसरा महासागराचा, त्याच तळापर्यंत: वर खोली 'ख' इतकं पाणी, घनता १.०३. मग ७ किलोमीटर बेसाल्ट, म्हणजे २०.६५. उरलेली २८.२ वजा 'ख' इतकी जाडी प्रावरणाची, घनता ३.३. दोन्ही बाजू सारख्या केल्या की 'ख' निघतो सुमारे ४.९ किलोमीटर. समुद्र मोजायला न जाता, फक्त खडकांच्या जाडी-घनतेवरून समुद्राची खोली निघाली. मी हे पहिल्यांदा स्वतः सोडवलं तेव्हा वहीकडे बराच वेळ बघत बसलो होतो. महासागर खोल आहे याचं कारण त्याचं कवच पातळ आणि जड आहे. पाणी तिथे नंतर जमलं.

आणि पाणी त्या खालच्या मजल्यात मावून थोडं उरलेलंही आहे. ते जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर चढलं आहे. किनाऱ्यालगतची समुद्रबूड जमीन म्हणजे हाच भाग. ती खंडाचीच आहे, खडकही खंडाचाच. तिचा उतार डोळ्यांना कळणारही नाही इतका मंद, सरासरी एका अंशाच्या दहाव्या भागाएवढा. साधारण १३० मीटर खोलीवर तिची कड येते आणि तिथून खोल तळाकडे नेणारा खंडान्त उतार सुरू होतो. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा ही बहुतेक समुद्रबूड जमीन उघडी होती आणि नद्या तिच्यावरून वाहत पार कडेपर्यंत जात. म्हणून तुमच्या प्रश्नातली 'बुडालेली जमीन' आहे, पण ती एवढीच. किनारा ही खंडाची हद्द नव्हे. भूशास्त्राच्या दृष्टीनं खंड संपतो तो खंडान्त उताराच्या पायथ्याशी.

इथे पाठ्यपुस्तकातल्या आकृतीबद्दल एक इशारा. तिच्यात हा उतार कड्यासारखा दाखवलेला असतो, कारण उभं माप आडव्या मापापेक्षा कितीतरी पटींनी ताणलेलं असतं. खरा उतार सरासरी चारेक अंशांचा आहे, घाटातल्या रस्त्यासारखा. खऱ्या प्रमाणाची कल्पना हवी असेल तर लिहायचा एक साधा कागद घ्या. त्याची लांबी ३०० मिलिमीटर आणि जाडी ०.१ मिलिमीटर, म्हणजे तीन हजारास एक. पॅसिफिकची रुंदी १२,००० किलोमीटर आणि खोली ४ किलोमीटर धरली तरी तेच प्रमाण येतं. महासागर हा खड्डा कमी आणि पृथ्वीवर चिकटलेला ओला कागद जास्त आहे.

खंडान्त उतारावर ठिकठिकाणी खोल घळी कोरलेल्या आहेत. त्यांतून गाळानं जड झालेलं पाणी लोंढ्यासारखं खाली जातं. हे लोंढे खरोखर केवढे असतात ते १८ नोव्हेंबर १९२९ च्या भूकंपानं दाखवलं. न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला ग्रँड बँक्सच्या कडेवर भूकंप झाला आणि समुद्राखालून गेलेल्या तारायंत्राच्या केबल तुटू लागल्या. काही लगेच तुटल्या, पण उताराखालच्या केबल पुढचे कितीतरी तास एकामागून एक, वरून खालच्या क्रमानं तुटत गेल्या. कुठली केबल किती वाजता निकामी झाली याची नोंद तारकचेऱ्यांत होतीच. तिच्यावरून ब्रूस हीझन आणि मॉरिस यूइंग यांनी १९५२ मध्ये दाखवलं की गाळाचा एक प्रचंड लोंढा उतारावरून धावत गेला होता. अशा असंख्य लोंढ्यांचा गाळ साचून खालचे खाचखळगे बुजतात आणि सागरी मैदानं तयार होतात. पृथ्वीवर याहून सपाट प्रदेश नाहीत. एक किलोमीटर चाललं तर एक मीटरही चढउतार लागत नाही.

आता वयाकडे येतो, कारण या विषयाचा गाभा तोच आहे.

खंडांवर ४०० कोटी वर्षांचा खडक सापडतो. समुद्रतळाचं सर्वांत जुनं मोठं क्षेत्र पश्चिम पॅसिफिकमध्ये आहे आणि ते जेमतेम १८ कोटी वर्षांचं आहे. महासागर इतके पुरातन, मग त्यांचा तळ इतका कोवळा कसा? गाळानंही हाच सवाल उभा केला होता. खोल समुद्रात, किनाऱ्यापासून दूर, तांबडी माती हजार वर्षांत साधारण एक मिलिमीटर साचते. सूक्ष्म जिवांच्या कवचांचा चिखल जरा भरभर, हजार वर्षांत एखाद-दोन सेंटिमीटर. या हिशेबानं शेकडो कोटी वर्षांत तळावर कित्येक किलोमीटर गाळ हवा होता. मोजला तर सरासरी अर्धा किलोमीटरच्या आसपास. बाकीचा गेला कुठे?

उत्तराचा पहिला धागा हाती आला तो नकाशा काढणाऱ्या मारी थार्प यांच्या. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या अमेरिकेत हीझन यांच्यासोबत काम करत होत्या. त्या काळी तिथे बाईला संशोधन जहाजावर जाऊ देत नसत. त्यामुळे हीझन जहाजावरून खोलीचे आकडे आणत आणि थार्प जमिनीवर बसून त्यांचे छेद काढत. उत्तर अटलांटिकचे सहा छेद शेजारीशेजारी ठेवल्यावर त्यांना मधल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर प्रत्येक छेदात एक खोल खाच दिसली. ही खचदरी आहे, इथे तळ फाटतो आहे, असं त्या म्हणाल्या. हीझननी आधी ते मानलं नाही. मग शेजारच्या टेबलावर समुद्रातल्या भूकंपांची केंद्रं नकाशावर मांडली जात होती, ती याच दरीत रांगेनं येऊन बसली. समुद्राची एक लाटही न बघता, फक्त आकडे नीट लावून या बाईंनी पृथ्वीचा केवढा मोठा व्रण शोधला! ही रांग पुढे सगळ्या महासागरांत सलग सापडली. लांबी सुमारे ६५,००० किलोमीटर. पृथ्वीवरची सर्वांत लांब पर्वतरांग पाण्याखाली आहे.

रॉबर्ट डीट्झ यांनी १९६१ मध्ये आणि हॅरी हेस यांनी १९६२ मध्ये त्यावरून मांडलं की तळ या रांगेवर नवा तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकत जातो. कल्पना देखणी होती, पण पुरावा हवा होता. तो आला हिंदी महासागरातून. तिथल्या कार्ल्सबर्ग या मध्यरांगेवरून जाताना जहाजानं चुंबकीय मोजमापं घेतली होती. फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये त्यांचा अर्थ लावला. बेसाल्ट वितळलेला असतो तेव्हा त्यातल्या मॅग्नेटाइटला स्वतःचं चुंबकत्व नसतं. तो ५८० अंश सेल्सिअसच्या खाली थंड झाला की त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यात कायमची गोठते. ते क्षेत्र अधूनमधून उलटतं, उत्तरेचं दक्षिण होतं. शेवटची उलटापालट पावणेआठ लाख वर्षांपूर्वीची. त्यामुळे रांगेच्या दोन्ही बाजूंना सुलट-उलट चुंबकत्वाचे पट्टे उमटत जातात, आणि डावीकडचे पट्टे उजवीकडच्यांचं आरशातलं प्रतिबिंब असतात. कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्ली यांनाही स्वतंत्रपणे हेच सुचलं होतं, त्यांचा लेख मात्र नाकारला गेला. पुढे १९६८ मध्ये ग्लोमार चॅलेंजर जहाजानं दक्षिण अटलांटिकमध्ये ओळीनं छिद्रं पाडली. रांगेपासून जितकं दूर जावं तितका बेसाल्टला टेकलेला गाळ जुना निघत गेला. वाद तिथे जवळपास संपला.

वेग म्हणाल तर नखं वाढतात तेवढा. अटलांटिक वर्षाला सुमारे अडीच सेंटिमीटर रुंदावतो. ५,००० किलोमीटर रुंद व्हायला या वेगानं २० कोटी वर्षं लागतात, आणि त्याच्या कडेचा तळ खरोखर त्याच सुमाराचा आहे. पूर्व पॅसिफिकच्या रांगेवर हाच वेग काही ठिकाणी १५ सेंटिमीटरपर्यंत जातो.

आता ज्या गोष्टीवर माझा सर्वांत जीव आहे ती सांगतो. तळ्याची खोली मध्यभागी सर्वांत जास्त असते, म्हणून समुद्राचीही तशीच असेल असं आपण धरून चालतो. अटलांटिक ओलांडताना जहाजावरचा खोलीमापक याच्या नेमकं उलट दाखवतो. कडेच्या मैदानावर पाच हजार मीटरच्या पुढे असलेली खोली मध्याकडे जाताना हळूहळू कमी होत जाते आणि ऐन मध्यात, रांगेच्या माथ्यावर, अडीच हजार मीटरच्या आसपास येते. कारण नवा तळ गरम असतो, गरम खडक फुगलेला असतो, म्हणून तो उंच असतो. वय वाढतं तसा तो निवतो, आकसतो आणि खाली बसतो. याला बांधीव सूत्र आहे: मीटरमधली खोली बरोबर २,५०० अधिक ३५० गुणिले वयाचं वर्गमूळ, वय दशलक्ष वर्षांत. ४० लाख वर्षांच्या तळाची खोली ३,२००. अडीच कोटी वर्षांच्या तळाची ४,२५०. ६.४ कोटी वर्षांच्या तळाची ५,३००. गरम वस्तू निवताना थंडावा आत किती शिरला ते काळाच्या वर्गमुळावर ठरतं, म्हणून इथे वर्गमूळ येतं. सात-आठ कोटी वर्षांनंतर हे खचणं मंदावतं आणि सूत्र नुसतं वापरून चालत नाही. पण तोवर खोली हेच घड्याळ आहे.

जुना झालेला तळ थंड आणि जड होतो. अखेरीस तो खालच्या प्रावरणाहून जड ठरतो आणि वाकून त्यात बुडू लागतो. जिथे वाकतो तिथे सागरी गर्ता. म्हणून सर्वांत खोल जागा महासागराच्या कडेला, बेटांच्या किंवा खंडांच्या पायाशी असतात. मारियाना गर्तेतला चॅलेंजर डोह १०,९०० मीटरहून खोल आहे, आणि तिथे बुडतो आहे तो पॅसिफिकचा अगदी म्हातारा तळ. २३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श 'ट्रिएस्ट' या पाणबुडीतून तिथे उतरले, तेव्हा त्यांच्या वरच्या पाण्याचा दाब आपल्याकडच्या हवेच्या दाबाच्या हजार पटींहून जास्त होता. बुडणारा पट्ट, म्हणजे कडक खडकाचा तो प्रचंड तुकडा, पुढेही भूकंप घडवत जातो, पार ७०० किलोमीटर खोलीपर्यंत. गेलेला गाळ आणि गेलेला तळ यांचा पत्ता हाच. त्यातला काही गाळ वरच्या पट्टाच्या कडेला खरवडून राहतो, बाकीचा खाली जातो. खंड हलके असल्यामुळे असे बुडत नाहीत, म्हणून ते म्हातारे होऊ शकतात.

लाव्ह्याच्या प्रश्नातली एक समजूत दुरुस्त करायला हवी. कवचाखाली लाव्ह्याचा समुद्र नाही. प्रावरण घन आहे. हे ठाम सांगता येतं, कारण भूकंपाच्या दुय्यम लहरी (खडकाला आडवं हलवणाऱ्या, मागून पोचणाऱ्या) द्रवातून जाऊच शकत नाहीत आणि प्रावरणातून त्या आरामात जातात. मग घन खडकावर कवच तरंगतं आणि सरकतं कसं? लाखो वर्षांच्या मापानं तापलेला खडक वाहतो, वर्षाला काही सेंटिमीटर. हिमनदीतला बर्फ घन असूनही वाहतो, तसंच. वरचा सुमारे शंभर किलोमीटरचा थंड, कडक भाग म्हणजे शिलावरण. त्यात कवच येतं आणि प्रावरणाचा माथाही येतो. त्याखालचा मऊ भाग म्हणजे दुर्बलावरण. काही पुस्तकांत भूकवच आणि शिलावरण एकच मानलेलं असतं, तिथे गोंधळ सुरू होतो. कवच-प्रावरण-गाभा ही वाटणी खडक कशाचा आहे यावरून केलेली, आणि शिलावरण-दुर्बलावरण ही तो वागतो कसा यावरून. सरकतात ते पट्ट शिलावरणाचे.

लाव्हा मग येतो कुठून? तळ फाटतो तिथे खालचं प्रावरण वर चढतं. वर येताना त्यावरचा दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की त्याच तापमानाला खडक वितळू लागतो. बाहेरून उष्णता द्यावी लागत नाही. त्यातला दहा-वीस टक्के भाग वितळतो, वर येतो आणि पाण्यात पडताच उशांच्या आकाराच्या गोळ्यांत गोठतो. त्याखाली उभ्या भिंतींसारख्या भेगा भरलेल्या, आणि त्याही खाली सावकाश निवलेला गॅब्रो, म्हणजे बेसाल्टचाच भरड कणांचा भाऊ. सात किलोमीटरचं कवच म्हणजे एवढंच.

आणि पाणी खाली झिरपतं का, तर हो, झिरपतं. तुमची शंका रास्त आहे. रांगेजवळच्या भेगांतून समुद्राचं पाणी एक-दोन किलोमीटर खाली जातं, तापलेल्या खडकाला भिडतं आणि परत उसळून वर येतं. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ अडीच किलोमीटर खोलीवर 'अल्विन' पाणबुडीतून गेलेल्यांना असे उष्ण झरे सापडले. सूर्यप्रकाशाचा लवलेश नसताना त्यांच्याभोवती जिवांची दाट वस्ती होती. दोन वर्षांनी पूर्व पॅसिफिकमध्ये काळा धूर ओकणारी धुरांडी दिसली. पाण्याचं तापमान ३५० अंशांच्या वर. ते उकळत नाही, कारण तिथे दाब हवेच्या दाबाच्या अडीचशे पट आहे. काळा रंग धुराचा नव्हे. थंड पाण्याशी गाठ पडताच गरम पाण्यात विरघळलेले लोह-तांब्याचे गंधकयुक्त कण बाहेर पडतात, त्यांचा तो रंग. या फेऱ्यात पाणी मॅग्नेशियम खडकाला देतं आणि कॅल्शियम, लोह, मँगनीज घेऊन परततं. समुद्राच्या पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण ठरवण्यात नद्यांबरोबर या झऱ्यांचाही हात आहे.

शेवटचा प्रश्न, कळलं कसं? प्रत्यक्ष छिद्र पाडून फार कमी. रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचं सर्वांत खोल छिद्र १२,२६२ मीटरवर थांबलं, म्हणजे ६,३७१ किलोमीटरच्या त्रिज्येचा पाचशेवा भागही नाही. समुद्रातून कवच भेदून प्रावरण गाठायची मोहीम १९६१ मध्ये सुरू झाली आणि पैशांअभावी बंद पडली. २०२३ मध्ये 'जॉइडेस रिझोल्यूशन' जहाजानं मध्य अटलांटिकमध्ये अटलांटिस मासिफ या समुद्राखालच्या डोंगरावर १,२६८ मीटर छिद्र पाडून प्रावरणाचा खडक मिळवला. पण तिथे तो प्रस्तरभंगामुळे मुळातच तळाशी वर आलेला होता.

बाकी सगळं भूकंपलहरींनी सांगितलं. ८ ऑक्टोबर १९०९ च्या क्रोएशियातल्या भूकंपाच्या नोंदी पाहताना आंद्रिया मोहोरोव्हिचिच यांना एकाच भूकंपाच्या प्राथमिक (सर्वांत आधी पोचणाऱ्या) लहरी दोनदा आलेल्या दिसल्या. लांबच्या केंद्रांवर तर खोलवरून वळसा घालून आलेली लहर सरळ आलेलीच्या आधी पोचली होती. गावातल्या वाटेपेक्षा लांबच्या हमरस्त्यानं लवकर पोचावं, तसं. म्हणजे खाली लहरींना भरधाव जाऊ देणारा दाट खडक आहे आणि त्याची सीमा स्पष्ट आहे. कवच आणि प्रावरण यांमधल्या त्या सीमेला आज आम्ही नुसतं 'मोहो' म्हणतो. बेनो गुटेनबर्ग यांनी गाभ्याची सीमा २,९०० किलोमीटरवर आणली. दुय्यम लहरी तिथे अडतात, म्हणून बाहेरचा गाभा द्रव. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र याच द्रव लोखंडाच्या हालचालीतून निर्माण होतं, म्हणजे तळावरचे ते पट्टेही अखेर इथूनच आलेले. गाभ्याच्या सावलीत, म्हणजे गाभ्यामुळे लहरी वळून जातात आणि जिथे काहीच यायला नको, तिथे १९२९ च्या न्यूझीलंडच्या भूकंपाच्या क्षीण लहरी आलेल्या इंगे लेमान यांनी पाहिल्या आणि १९३६ मध्ये आतल्या घन गाभ्याचा शोध लावला. त्याची त्रिज्या सुमारे १,२२० किलोमीटर.

तळाची खोली मात्र आम्ही ध्वनीनं मोजतो, आणि इथे तळ सोडून पाण्याकडे वळावं लागतं. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, म्हणून चार किलोमीटर खोलीवरून प्रतिध्वनी परतायला साधारण सव्वापाच सेकंद लागतात. पण तो 'सुमारे' फार महागात पडू शकतो. तापमान एका अंशानं वाढलं की वेग तीन-चार मीटरनं वाढतो, क्षारता हजारी एकानं वाढली की मीटर-सव्वामीटरनं, आणि दाबामुळे दर हजार मीटर खोलीला सतरा मीटरनं. वरचं पाणी उबदार, मग तापमान झपाट्यानं उतरवणारा थर, आणि त्याखाली तळापर्यंत दोन-चार अंशांचं थंड पाणी, कारण ते ध्रुवांजवळ निवून, जड होऊन बुडालेलं असतं. विषुववृत्तावरही खोल पाणी थंड असतं ते त्यामुळेच. वेग आधी घटतो आणि साधारण हजार मीटरच्या खाली दाबामुळे पुन्हा वाढतो. मधल्या त्या मंद थरात अडकलेला ध्वनी हजारो किलोमीटर जातो.

म्हणून मल्टीबीम सोनार (एका वेळी अनेक ध्वनिकिरण सोडून तळाचा रुंद पट्टा मोजणारं यंत्र) चालू करण्याआधी सीटीडी हे उपकरण पाण्यात सोडून क्षारता, तापमान आणि दाब मोजणं हा आमचा नेम. एका मोहिमेत आदल्या दिवशीचंच मोजमाप पुढे वापरलं गेलं. रात्रीत आम्ही वेगळ्याच तापमानाच्या एका प्रवाहात शिरलो होतो. सकाळी पडद्यावर सपाट मैदानाच्या पट्ट्याच्या दोन्ही कडा वर वळलेल्या दिसू लागल्या, पन्हळीसारख्या. तिरक्या किरणांवर चुकीच्या वेगाचा परिणाम सर्वांत जास्त होतो, त्यामुळे चूक कडांना दिसते. नवं मोजमाप भरल्यावर मैदान सपाट झालं. नवशिक्यांना मी आजही हेच सांगतो की पट्टा सममितीत वाकलेला दिसला तर आधी पाणी तपासा.

उपग्रहही मदत करतात. दोन किलोमीटर उंचीचा जलमग्न पर्वत स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानं पाणी ओढून घेतो आणि वरचं सागरपृष्ठ दोनेक मीटर फुगतं. हा फुगवटा कित्येक किलोमीटरवर पसरलेला असल्यानं जहाजाला जाणवत नाही, उपग्रहाला मोजता येतो. श्रीलंकेच्या दक्षिणेला याच्या उलट सागरपृष्ठ सुमारे १०० मीटर खाली दबलेलं आहे, कारण खोलवर वस्तुमान कमी आहे. पण उपग्रहाला काही किलोमीटरहून बारीक काही दिसत नाही. सोनारनं प्रत्यक्ष मोजलेला समुद्रतळ अजून एकूण तळाच्या चौथ्या हिस्स्याच्या आसपासच आहे. बाकीचा जो निळा नकाशा तुम्ही बघता तो बराचसा गुरुत्वाकर्षणावरून अंदाजलेला असतो.

वाचून झालं असेल तर दक्षिण अटलांटिकचा खोलीचा नकाशा उघडा. मध्यरांगेच्या माथ्यावर बोट ठेवा आणि सरळ पूर्वेला किंवा पश्चिमेला निघा. खोली ४,२५० मीटर झाली की थांबा. सूत्रानं तिथल्या तळाचं वय अडीच कोटी वर्षं. तिथे एका बाजूचा वेग वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर आहे, म्हणजे रांगेपासूनचं अंतर ५०० किलोमीटरच्या आसपास निघायला हवं. फार चुकलं तर बघा, वाटेत एखादा जलमग्न पर्वत किंवा गाळाचा जाड थर आला आहे का. तसं असेल तर थोडं उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकून दुसरी रेघ घ्या.